रंगा, ती भिंत माझी होती

रंगा, लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलताहेत आणि मला त्याचा राग येतोय. तू शांत होतास म्हणे. तुझा कधी कुणाशी वाद झाला नाही म्हणे. परवा खाली तुझ्या घरात बसले होते, तर तुझे कोणी लांबचे चुलते मला समजावून सांगत होते की आमचा रंगनाथ म्हणजे गरीब गाय. मी मान हलवली. दुसरं काय करणार? तू गरीब गाय असशील तर वरच्या मजल्यावर इतकी वर्षं माझी कुणाशी जुंपत होती, हे त्यांना विचारायला हवं होतं.

मला स्वस्थ बसवत नाही. राजाजीनगरला येते, जिना चढते, ऑफिसचं कुलूप काढते, तुझ्या टेबलापर्यंत जाते आणि मागं फिरते. कोपऱ्यावर जाऊन कॉफी घेते, पुन्हा येते. सुरेशनं कामाचं काही विचारलं की त्याच्यावर खेकसते. तो बिचारा तुझ्याच हाताखाली तयार झालेला, त्यामुळे ऐकून घेतो. हे लिहायला बसले तेही उठत-बसत. तुला लांबण लावलेलं आवडायचं नाही. "मुद्द्याला ये, पुणेकरीण," म्हणायचास. पुण्यात मी जन्मले तेवढीच. बाबांची सरकारी कारखान्यात बदली होऊन आम्ही बंगळूरला आलो तेव्हा माझे दुधाचे दातही पडले नव्हते. पण तुझे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून आले म्हणून तू इथला आणि मी रेल्वेनं आले म्हणून जन्माची पाहुणी. असो. येते मुद्द्याला.

मुद्दा हेब्बाळच्या मांडवाचा. ऋचा त्याला पॅव्हिलियन म्हणायची, तू चप्पर म्हणायचास, मी मांडव. वस्तू एकच. तळ्याकाठच्या मैदानात, कलामहोत्सव चालेल तेवढे दिवस उभी राहायची आणि मग उतरवून टाकायची अशी बसायची जागा. लोकांनी यावं, बोलावं, वाचून दाखवावं, गावं. महोत्सवाचा सगळा कारभार ऋचाकडे. बाई दिल्लीची, हुशार, आणि सदा घाईत. तिनं पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं की लाउडस्पीकर नाही. तळ्यावर पक्षी आहेत, परवानगी मिळत नाही. जे काय बोलायचं ते तोंडानं. आता मैदानाच्या एका अंगाला तळं असलं तरी दुसऱ्या अंगाला काय आहे ते हेब्बाळ एकदा पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. वर उड्डाणपूल, खाली सर्व्हिस रोड, त्याला लागून बसस्टॉप आणि दिवसभर भोंगे.

पेन्सिल हातात घेण्याआधी जागेवर एक संध्याकाळ नुसतं बसायचं, ही तुझी जुनी खोड. टेप नको, कॅमेरा नको. कडलेकाईची, म्हणजे आमच्या भाषेत शेंगांची, पुडी घ्यायची आणि बसायचं. मला चुळबुळ व्हायची. तू मात्र देवळाबाहेर बसल्यासारखा निवांत. त्या दिवशी बसस्टॉपवरची एक फुलवाली रिकामी टोपली घेऊन आपल्यापाशी आली. इथं काय बांधताय, तिनं कन्नडात विचारलं. तू म्हणालास, बसायची जागा. तिनं विचारलं, तिकीट? तू म्हणालास, "तिकीट बेडा अक्का. सुम्ने कूतकोळ्ळि." तिकीट नको अक्का, उगीच बसा. ती हसली आणि बस आली तशी गेली.

आणि तिथंच ठिणगी पडली. मी म्हटलं, "या रस्त्याच्या बाजूला भिंत लागणार. चांगली जाड. नाहीतर इथं बोलणाऱ्यालासुद्धा स्वतःचं बोलणं ऐकू यायचं नाही."

तू शेंग सोलत म्हणालास, "भिंत बेडा."

"बेडा काय बेडा? कारण सांग."

"आत्ता त्या अक्काला सुम्ने बसा म्हणून सांगितलो मी. भिंत घातली तर ती बाहेर राहिली की नाही?"

"ती आत येईल, तिला एक अक्षर ऐकू येणार नाही, आणि ती उठून जाईल. मग?"

"जाऊ दे की. येऊन जाऊ दे. तू तिला येऊच देईना झालीस."

"रंगा, हा बसस्टॉपचा विस्तार नाहीये. ही सभेची जागा आहे."

"बसस्टॉपवर पण सभाच असते. सगळे एकाच गोष्टीची वाट बघतात."

हे असलं काही तू बोललास की माझं डोकं फिरायचं. दिसायला छान आणि धरायला गेलं की हातात काही नाही. घरी परतताना तुझ्या स्कूटरवर मागं बसून मी बोलत राहिले आणि तू हेल्मेटमध्ये मान हलवत राहिलास. म्हणजे कबूल की भोंग्यात ऐकू येत नव्हतं, ते देव जाणे. तसा त्या स्कूटरवर आपण अर्धं बंगळूर भांडत पालथं घातलं. माझ्या मांडीवर आडवी नकाशांची नळकांडी, सिग्नलला शेजारच्याच्या खांद्यात ती खुपसायची, आणि शिव्या मात्र पुढं बसलेल्या तुला.

थोडक्यात, तू म्हणत होतास सभा म्हणजे येणं आणि मी म्हणत होते सभा म्हणजे ऐकणं. मग आपण नेहमीचं हत्यार काढलं. अदलाबदल.

ही अदलाबदल म्हणजे काय ते बाहेर कुणाला माहीत नाही, आणि त्यावरच पुढं सगळं घोडं अडलं. तिची सुरुवात तुझ्या बायकोनं, जयाक्कानं केली, हे तू सगळ्यांना सांगायचं टाळायचास, पण मी लिहिणारच. आपण नुकतं आर्किटेक्ट म्हणून ऑफिस थाटलं होतं. एका शाळेच्या वऱ्हांड्यावरून आपलं असं वाजलं की खाली तिला कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात. ती कॉफीचे दोन लोटे घेऊन वर आली, टेबलावर आदळले, आणि म्हणाली, "हिचं तुम्ही काढा. तुमचं ही काढू दे. दोघं काढून झाल्यावर मग भांडा. तोवर आवाज नको." आपण लाजेनं केलं. आणि मग ती सवयच पडली. मोठा वाद झाला की मी तुझ्या बाजूचं चित्र काढायचं, तू माझ्या बाजूचं. तेही असंतसं नाही, जीव ओतून, जणू आपल्याच डोक्यातून आलंय असं. ठरलेल्या दिवशी दोन्ही चित्रं शेजारी ठेवायची आणि एकमेकांना विचारायचं, आता तुला काय पाहिजे?

गंमत अशी की पुष्कळदा आपण दोघंही फिरलेले असायचो. मला तुझं पटलेलं, तुला माझं. मग पुन्हा भांडण, आता उलट्या बाजूंनी. सुरेश म्हणायचा, तुम्ही दोघं मिळून एक माणूस असतात तर काम लवकर झालं असतं.

तर मांडवाच्या वेळी शुक्रवार ठरला होता. तू माझी भिंत काढायची, मी तुझा उघडा मांडव. मी आधी चिडून सुरुवात केली. बांबूचा सांगाडा, वर कापड, चारी बाजू मोकळ्या, यात काढायचं काय कपाळ? पण तुझ्या बाजूनं काढायचं म्हणजे तुझ्यासारखं बघावं लागतं. मी बसस्टॉपच्या बाजूनं चित्र लावलं. तिथं उभ्या असलेल्या माणसाला आत काय दिसेल? छप्पर खाली घेतलं, कडेला त्याच्या डोक्याच्या जरासंच वर, म्हणजे त्याला वाकावं लागू नये पण आपण कशाखाली तरी आलो असं वाटावं. जमीन मध्ये दोन पायऱ्या खोल नेली. काढता काढता मला दिसलं की रस्त्यावरून आत येताना कुठं उंबराच नाही. कधी रस्ता संपला आणि कधी सभा सुरू झाली ते कळतच नाही. त्या गुरुवारी दुपारी, रंगा, मला तुझं पटलं.

तू माझ्याकडे पाठ करून बसला होतास. तुझी पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता. मला चटकन म्हणता आलं असतं, ए, पटलं. पण म्हटलं, थांब. इतक्या सहजी कशाला? शुक्रवारी याला चांगला घाम फोडू, भिंतीच्या बाजूनं दोन-चार सणसणीत मुद्दे टाकू, आणि तो टेकीला आला की मग सांगू. त्या मजेसाठी मी ते राखून ठेवलं. घरी जाताना तू विचारलंस, "झालं काय?" मी म्हटलं, "उद्या बघ." तू म्हणालास, "सरी." म्हणजे बरं. हे आपलं शेवटचं बोलणं.

शुक्रवारी सकाळी गुंडाळी काखेत घेऊन मी आले. रिक्षातून उतरेपर्यंत मनात तुझ्या मुद्द्यांना उत्तरं जुळवत होते. फाटकात चपलाच चपला दिसल्या. मला वाटलं, आज तुमच्यात काही पूजा आहे आणि तू सांगायला विसरलास. मी तशीच जिन्याकडे वळले. तुझ्या भावानं मला हाक मारली.

हृदय बंद पडलं, म्हणाले. पहाटे. त्याच्यापुढचं मला ऐकायचं नव्हतं आणि इथं लिहायचंही नाही.

बाबा गेले तेव्हा तू आमच्या क्वार्टर्समध्ये आला होतास. माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. शेजाऱ्यांकडून खुर्च्या मागून आणल्यास आणि झाडाखाली लावत बसलास. सरळ रांगेत लावल्यास, मग मोडल्यास, अर्धगोलात लावल्यास, म्हणजे येणाऱ्यांना एकमेकांची तोंडं दिसावीत. मी खिडकीतून बघत होते आणि त्या तशा वेळी मला हसू आलं. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती, टोमणे मारायची होती. आता मानते. तुझ्या दारात त्या शुक्रवारी लोक नुसते उभे होते, कुणाला बसायला सुचेना, आणि मला कळेना खुर्च्या कुठून आणायच्या.

त्यानंतर जे झालं ते ऐकून तू पोट धरून हसला असतास, म्हणून मला जास्तच राग येतो.

ऋचा भेटायला आली. वर ऑफिसात गेली. तुझ्या टेबलावर ट्रेसिंग पेपरवर तुझ्या हातची भिंत पडलेली होती. आणि काय भिंत काढलीस रे! मी सांगितली होती ती आडदांड, काथ्या भरलेल्या पोत्यांची थप्पी. तू तिला बाक दिलास. आतून बाक आणि बाहेरून, बसस्टॉपच्या बाजूनंही बाक, वर जरा पुढं आलेली झाप. माझी भिंत माझ्यापेक्षा तुला जास्त कळली होती. ऋचाचे डोळे भरून आले. तिनं फोटो काढला आणि महोत्सवाच्या पानावर टाकला. एका कलावंताचं शेवटचं चित्र. बघता बघता ते गावभर झालं. सुरेशनं ते मोठं छापून घेतलं, चौकटीत घातलं, त्याला हार घातला. रंगा, ज्या भिंतीला तू बेडा म्हणालास, तिला हार घालून लोक तुझ्यासाठी डोळे पुसत होते.

मी ऋचाला गाठलं. म्हटलं, ही भिंत त्याची नाही. त्याला भिंत नको होती. ही माझी कल्पना, त्यानं फक्त काढली. आणि हा बघा उघडा मांडव, हा मी काढलाय पण हा त्याचा आहे.

ती माझ्याकडे फार मायेनं बघत राहिली. तशी माया वेडावलेल्या माणसाकडे बघताना येते. "देखिए, मैं समझ सकती हूँ," ती म्हणाली. "आप दोनों इतने साल पार्टनर थे. लेकिन ये उनका लास्ट विज़न है. हम इसे बदल नहीं सकते ना."

"ते व्हिजन माझं आहे," मी म्हटलं.

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. माणूस जाऊन आठवडा झाला नाही तोच ही बाई त्याच्या शेवटच्या चित्रावर हक्क सांगतेय. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. सुरेश खाली बघत होता. अदलाबदल त्याला माहीत होती, पण तोही मला नंतर हळूच म्हणाला, "मॅडम, सरांनी इतकं मनापासून काढलंय. त्यांना पटलं पण असेल ना?"

हाच तो काटा. तेव्हापासून तो रुतलाय. तुला पटलं होतं का? तू पाठमोरा बसून ती भिंत इतकी सुंदर काढत होतास ती नियम म्हणून, की काढता काढता तूही फिरलास? बाहेरच्या बाजूला बाक दिलास तो मला चिडवायला, की ती फुलवाली तिथं टेकेल असं मनात येऊन तुझं समाधान झालं होतं? तूही शुक्रवारसाठी काही राखून ठेवलं होतंस का? मला झोप नव्हती ती रडण्यानं नव्हे, या हिशेबानं. भिंत उभारली तर माझा मुद्दा तुझ्या नावावर खपून जातो आणि तू ज्याच्यासाठी भांडलास ते कायमचं पुसलं जातं. नाही उभारली तर तुझी शेवटची इच्छा मोडली म्हणून माझ्या तोंडात शेण. आणि तुला नेमकं काय हवं होतं ते सांगायला तू नाहीस. जन्मभर नको तिथं बोललास आणि हवं तिथं गप्प बसलास.

शेवटी मी जयाक्काकडे गेले. ती स्वयंपाकघरात खाली बसून कोथिंबीर निवडत होती. नातेवाईक अजून होते, जेवणं चालूच होती. मी शेजारी बसले आणि जुड्या घेतल्या.

"जयाक्का, त्या चित्राचं..."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "त्यांना भिंत बेडा होती. पंधरा दिवस जेवताना तेच ऐकालते मी. तुला शिव्या घालत होते."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कुणीतरी होतं, ज्याला खरं माहीत होतं.

"पण गुरुवारी?" मी विचारलं. "गुरुवारी खाली आल्यावर काही म्हणाला का? भिंतीबद्दल? माझ्याबद्दल?"

तिनं आठवायचा खरंच प्रयत्न केला. देठ हातात तसाच धरून भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आज काम बरं झालं म्हणाले. सारू स्वल्प तिखट झालंय म्हणाले."

"बस?"

"दुसरं काय म्हणायचं ग? उद्या आहेच असं वाटत होतं की त्यांना."

तिनं माझ्या हातातली जुडी काढून घेतली. "आता तुला काय पाहिजे?"

आपलाच प्रश्न, रंगा. शुक्रवारचा. तुझ्याऐवजी तिनं विचारला.

"उघडा मांडव," मी म्हटलं.

"मग तो कर."

"लोक म्हणतील त्याची इच्छा मोडली."

"म्हणू देत. त्यांच्यासाठी म्हणून मात्र करू नको हां." ती माझ्यावर जवळजवळ डाफरली. "ते असताना एकदा तरी त्यांचं ऐकलीस काय तू? आता कशाला ऐकतीस? तुला पाहिजे तर कर. नसंल तर भिंत घाल जा."

ऋचाला तिनंच फोन केला. कोणत्या भाषेत काय बोलली मला माहीत नाही. ऋचाचा मेसेज आला की कुटुंबाच्या इच्छेचा मान राखून मूळ चित्रात बदल करण्यात येत आहे. म्हणजे अजूनही मूळ चित्र तुझं आणि बदल माझा! मी फोन टेबलावर आपटला. पण कामाला लागले.

बांबू आले, कापड आलं. काम चालू असताना मी दिवसातून कितीदा तरी रस्त्याच्या बाजूला जाऊन उभी राहायचे आणि आत बोलणाऱ्या सुरेशचं काही ऐकू येतंय का ते बघायचे. नाही यायचं. मग आत जायचे, तिथून बसस्टॉपवरची माणसं दिसायची, ती आत बघत असायची, मग जरा बरं वाटायचं. मग पुन्हा बाहेर. माणसं म्हणाली असतील, बाईंना भूतबाधा झालीय.

पहिली संध्याकाळ तुझ्या आठवणीसाठी ठेवली होती. मी नको म्हणत होते, पण ते ऋचानं आधीच जाहीर केलं होतं. मांडव भरला. आणि रंगा, सांगितलं होतं की नाही? ऋचा बोलायला उठली आणि विमानतळाची बस पुलावरून गेली. तिचे ओठ हलत होते. तुझ्या कॉलेजचे सर उठले, त्यांनी तुझ्या शांत स्वभावाबद्दल काही सांगितलं असावं, नेमका एक ट्रक रिव्हर्स घेत होता. तुझे चुलते बराच वेळ बोलले, त्यातलं "गाय" एवढंच कळलं. पहिल्या रांगेत जयाक्का पदर तोंडाला लावून बसली होती. लोकांना वाटलं रडतेय. मी शेजारी होते, ती हसत होती. तुझं म्हणणं मी उभं केलं आणि माझं म्हणणं खरं ठरत होतं, आणि हे ज्याला नाकावर टिच्चून सांगायचं तोच जागेवर नाही. इतकी बरोबर मी आयुष्यात कधी नव्हते आणि इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

माझं नाव पुकारलं. मी कागदावर चार बरी वाक्यं लिहून आणली होती, मार्गदर्शक वगैरे. दोन पायऱ्या उतरून मधोमध उभी राहिले. मागं तळं, समोर लोक, त्यांच्या पलीकडे बसस्टॉप. तिथली माणसं उभ्या उभ्या आत बघत होती. कामावरून घरी चाललेला, थकलेला, शर्टाची बाही दुमडलेला एक माणूस छपराच्या कडेपर्यंत आत आला होता. कागद मला वाचवेना. मी तो मिटला.

"लोक म्हणतात ते चित्र त्याचं आहे," मी म्हटलं. "ते माझं आहे. भिंत मला हवी होती. त्याला नको होती."

बस थांबली, दार आपटलं, कंडक्टर ओरडला. मी बोलत राहिले, मला थांबता येईना. अदलाबदल सांगितली, गुरुवार सांगितला. माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

"केळस्ता इल्ला मेडम!" त्या कडेच्या माणसानं हात कानामागं धरला. ऐकू येत नाही. "जोरागि हेळि!" जोरात सांगा.

सगळी सभा मागं वळून त्याच्याकडे बघायला लागली. तो अवघडला, पण हात कानामागून काढला नाही. मी दोन पायऱ्या चढले, खुर्च्यांमधून वाट काढत त्याच्या दिशेनं गेले, आणि तू माझ्या उच्चारांना नावं ठेवत ठेवत शिकवलेल्या कन्नडात, सगळा जीव गोळा करून ओरडले. त्याचं म्हणणं मला पटलं होतं! गुरुवारीच पटलं होतं! त्याला सांगायचं राहिलं!

पुलावरून काहीतरी गेलं. तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं हात खाली घेतला आणि मान डोलावली.

"सरी मेडम," तो म्हणाला. "ईग केळस्तु."

आता ऐकू आलं, म्हणाला. बोलत मी तुझ्याशी होते, रंगा, आणि ऐकू त्याला आलं.